एक टन द्राक्षं, दोन लिटर तेल

गेल्या वर्षी जानेवारीत माझा आतेभाऊ एका लग्नासाठी हैदराबादला आला होता. लग्न आटोपलं, पाहुणे पांगले, आणि आमच्या सोफ्यावर चहा पीत बसून त्याने माझ्याकडे सहा लाख रुपये मागितले.

उसने नव्हे. "भागीदारी," म्हणाला.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दिंडोरी तालुक्यात त्याची चार एकर द्राक्षबाग आहे. शाळेत असताना दर मे महिन्यात आम्ही देवगिरी एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरायचो, तेव्हा स्टेशनवर न्यायला तोच यायचा. मला सायकल त्याने शिकवली, विहिरीत पोहायलाही त्यानेच. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. आणि ते सहा लाख काही माझ्या एकटीचे नव्हते. फ्लॅटच्या पहिल्या रकमेसाठी नवरा आणि मी चार वर्षं साठवत होतो.

दादाची बाजूही खरी होती. सलग दोन हंगाम ऐन काढणीत पाऊस झाला, मणी तडकले, व्यापाऱ्याने भाव पाडला. बागेच्या जोडीला दुसरं काहीतरी हवंच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याच्या शेतापासून जवळच एक वाइनरी आहे. तिथे हंगामात द्राक्षाच्या चोथ्याचे ढीग पडतात. चोथ्यात सालं असतात आणि बिया. वाइनरीवाले म्हणत होते, फुकट घेऊन जा. आणि एका मशीन विकणाऱ्याने दादाला पटवलं होतं की या बियांचं कोल्ड प्रेस्ड तेल काढलं तर शहरातले लोक रांगा लावतील.

आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "पण तुमच्या द्राक्षात बी असतेच कुठे रे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दादाची बाग थॉम्पसन सीडलेसची. आजीच्या डोक्यातलं द्राक्ष मात्र अनाब-ए-शाही. टपोरं, फिकट हिरवं, पातळ सालीचं, आणि आत बिया. एके काळी हैदराबादच्या आसपास त्याच्या बागा होत्या. शहर पसरलं तशा त्या गेल्या. आमच्या घरात द्राक्ष खाऊन बी वाटीत थुंकायची सवय असलेली ती शेवटची व्यक्ती. आम्ही पोरं बिनबियांच्या द्राक्षांवर वाढलो. वाइनची द्राक्षं मात्र वेगळी असतात. शिराझ, काबर्ने, सॉव्हिन्यॉ ब्लां ही सगळी बियांचीच. दादाने आजीला हे समजावलं. "म्हणजे दारूच्या कारखान्यातला उकिरडा," आजी म्हणाली आणि तिने जपमाळ पुन्हा हातात घेतली.

मी लगेच हो किंवा नाही म्हणाले नाही. वेळ काढण्यासाठी म्हटलं, "दादा, आधी तुझी वेबसाइट करून देते." आमच्या धंद्यातल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही की तो वेबसाइट करून देतो.

एका रविवारी बसून मी पान तयार केलं. हिरवा रंग, द्राक्षाच्या वेलीचं चित्र. बाटलीचं लेबलही केलं. त्यावर इकडच्या तिकडच्या बाटल्यांवरचा मजकूर जुळवून एक वाक्य लिहिलं : 'कोल्ड प्रेस्ड असल्यामुळे द्राक्षबियांतील रेझव्हेराट्रॉल आणि सर्व अँटिऑक्सिडंट्स तेलात जसेच्या तसे.' दादाला ते इतकं आवडलं की त्याने दोनशे लेबलं छापूनसुद्धा घेतली. अजून तेलाचा थेंब निघालेला नव्हता.

पैशांचा निर्णय घ्यायचा तर नीट वाचलं पाहिजे म्हणून मी त्या पुढच्या आठवड्यात वाचायला बसले, आणि पहिल्याच रात्री माझं वाक्य कोसळलं.

रेझव्हेराट्रॉल असतं ते मुख्यतः द्राक्षाच्या सालीत. बियांमध्ये असतात ती टॅनिनच्या कुळातली संयुगं. कच्ची बी चावली की जीभ आवळते, ती त्यांच्यामुळे. आणि ही संयुगं पाण्यात किंवा मद्यार्कात विरघळणारी, तेलात जवळपास नाहीच. म्हणजे बी कितीही थंड राहून दाबली तरी ती तेलाबरोबर बाहेर येत नाहीत, मागे पेंडीतच राहतात. तेलात येतं ते तेलात विरघळणारं : ई जीवनसत्त्वाच्या कुटुंबातले टोकोफेरॉल आणि टोकोट्रायनॉल, वनस्पतींचे स्टेरॉल, थोडं हरितद्रव्य. हेही चांगलंच आहे, पण ते माझ्या वाक्यात नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त चक्रावून गेली. माझी समजूत अशी होती की तेल काढण्याची पद्धत बदलली की तेलच बदलतं. पण द्राक्षबियांच्या तेलात सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे आपल्या करडई-सूर्यफुलाच्या जुन्या वाणांसारखं. ते दाबून काढा, द्रावकाने काढा, नाहीतर आणखी कशाने, हा आकडा फारसा हलत नाही. तो ठरतो द्राक्षाच्या जातीवर आणि हवामानावर. पद्धतीमुळे बदलतं ते उरलेलं थोडंसं : रंग, वास, चव, तेल किती दिवस टिकेल, किती तापवलं तर धुरावेल. थोडंसं म्हटलं तरी स्वयंपाकघरात कळतं ते तेवढंच.

मग पद्धती तरी किती? एक म्हणजे दाबणे. आपला घाणा किंवा स्क्रूचा एक्स्पेलर. दुसरी द्रावकाची. बिया दळून त्यावर हेक्झेन सोडतात. पेट्रोलसारखा हा द्रव ६९ अंशांना उकळतो, तेल विरघळवून घेतो, मग त्याला उडवून परत गोळा करतात. पेंडीत जेमतेम टक्काभर तेल राहतं. पण असं तेल तसंच खायचं नसतं. आपल्या कायद्यानुसार ते आधी रिफाइन करावं लागतं आणि त्यात हेक्झेनचा अंश दहा लाखांत ५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. रिफाइन करताना चिकटा काढतात, कॉस्टिक सोड्याने मोकळी आम्लं काढतात, मातीने रंग काढतात, आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास काढतात. या सगळ्यात ई जीवनसत्त्वाचा आणि स्टेरॉलचा काही भाग जातो. बदल्यात मिळतं फिकट, बिनवासाचं तेल, जे साधारण २१५ अंशांपर्यंत धूर सोडत नाही. न गाळलेलं, कच्चं तेल त्याच्या बरंच आधी धुरावतं.

तिसरी पद्धत वाचून माझ्यातली इंजिनिअर अगदी हरखून गेली. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर तापवून वातावरणाच्या सुमारे ७३ पटींपेक्षा जास्त दाबात ठेवला की तो ना वायू राहतो ना द्रव. वायूसारखा बीच्या कणाकणांत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवतो. दाब सोडला की उडून जातो, मागे शुद्ध तेल. ना हेक्झेन, ना फारशी उष्णता, आणि तेल जवळपास हेक्झेनइतकंच निघतं. मी उत्साहाने रात्री साडेदहाला दादाला फोन केला. दोनशे-तीनशे वातावरणांचा दाब सोसणाऱ्या पोलादी टाक्या लागतात, हे ऐकून तो म्हणाला, "अगं, माझ्या स्प्रेपंपाचा पाइप फुटतो वरचेवर. झोप आता."

तेव्हा राहिला घाणा. आणि तिथे गणित आडवं आलं.

शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, तिळात तर निम्मं असतंच. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या गावांत घाणे चालले. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के, म्हणून सोयाचं तेल जवळपास सगळं द्रावकाच्या कारखान्यात निघतं. द्राक्षाच्या बीत धरा १० ते १५ टक्के, आणि वर कवच लाकडासारखं. घाण्याने त्यातलं निम्मं-पाऊण निघालं तरी पुष्कळ. मी एक्सेलमध्ये मांडलं. एक टन द्राक्षं, त्यात वाळलेली बी सुमारे ३० किलो, त्यातलं दाबून निघणारं तेल साधारण दोन लिटर. वाइनरीने हंगामात शंभर टन द्राक्षं गाळली आणि एकही बी वाया गेली नाही, तरी वर्षाचं तेल दोनशे लिटरच्या आसपास. बाकीचे नऊ-दहा महिने सहा लाखांचं मशीन ताडपत्रीखाली.

हे मी दादाला फोनवर सांगितलं नाही. फेब्रुवारीत सुट्टी काढून गाडीत बसले. म्हटलं, आधी डोळ्यांनी पाहू.

वाइनरीच्या मागे चोथ्याचा ढीग होता, साताठ दिवसांचा. वरून कोरडा, आत हात घातला तर चक्क गरम. आंबूस वास आणि मधूनमधून पांढरी बुरशी. आम्ही दोन पोती भरून आणली, चाळणीने सालं वेगळी केली, बिया अंगणात पसरल्या. आत्या सुपाने पाखडत म्हणाली, "एवढी मेहनत तिळाला केली असती तर वर्षाचं तेल झालं असतं." चार दिवसांनी दहा किलो वाळलेली बी घेऊन आम्ही पंचवटीकडच्या एका तेलघाण्यावर गेलो. तिथे गिऱ्हाइकांचा शेंगदाणा आणि तीळ एका छोट्या एक्स्पेलरवर काढून देतात. मालकाने मूठभर बी हातात घेतली, दाताखाली धरली, आणि म्हणाला, "ही खडी कशाला आणली?" दोन वेळा मशीन अडकलं. बाहेर येणारी पेंड हातात धरवत नव्हती इतकी तापलेली.

तिथे उभ्याउभ्या मला 'कोल्ड प्रेस्ड' या शब्दाची गंमत कळली. खाद्यतेलांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोडेक्स, त्यात कोल्ड प्रेस्डची व्याख्या आहे : केवळ यांत्रिक पद्धतीने, उष्णता न देता. अमुक अंशांच्या खाली असा आकडा त्यात नाही. आम्ही कुठे उष्णता दिली होती? ती घर्षणाने आपोआप आली होती. चांगले उत्पादक वेग कमी ठेवून, तेल फार तापू न देता काढतात, त्यात तेल आणखी कमी निघतं. पण बाटलीवरचा शब्द दोघांचा एकच.

दहा किलो बियांतून निथळून, गाळून साडेसहाशे ग्रॅम तेल आलं. गडद हिरवं. दादाने ते बाटलीत भरून उन्हासमोर धरलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण मला त्याचा वास आला होता. खवट नाही म्हणता येणार, पण ओल्या पोत्यासारखा.

नमुना आम्ही एका प्रयोगशाळेत दिला. आम्लमूल्य आलं ९. आठवतंय का बघा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वंगणतेलाचं आम्लमूल्य काढायला लावायचे. ब्युरेटमधून थेंबथेंब अल्कली सोडायची, गुलाबी रंग आला की थांबायचं. एक ग्रॅम तेलातली मोकळी आम्लं शमवायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, तो आकडा. तेव्हा मी मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवला होता. कोडेक्समध्ये कोल्ड प्रेस्ड तेलाला मर्यादा आहे ४, आणि रिफाइंडला ०.६.

आमचं तेल घाण्याने बिघडवलं नव्हतं. ते आधीच बिघडलेलं होतं. ओल्या, गरम ढिगात साताठ दिवस पडलेल्या बीत पाणी आणि बुरशीची विकरं मिळून तेलाचे रेणू तोडत होती, आणि त्यातून मोकळी आम्लं सुटत होती. रिफायनरीत हे तेल गेलं असतं तर कॉस्टिकने ही आम्लं धुऊन निघाली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. घाण्याच्या तेलाला ती सोय नाही. बी जशी, तसं तेल. लेबलावर पद्धतीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण वाइनरीतून बाहेर पडल्यावर बी कधी वाळवली, हे कोणत्याच बाटलीवर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं. दोनशे लिटरचा हिशेब, आम्लमूल्य, आणि लेबलावरचं माझं वाक्य का खोटं आहे तेही. पैसे देणार नाही हे सगळ्यात शेवटी सांगितलं. ते आधी सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वाक्य तूच लिहिलं होतंस ना?"

"हो."

"मग छापायच्या आधी का नाही वाचलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात एक ओळ कोड बदलायची तर दोन जणांची मंजुरी लागते. आणि इथे लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूवरचं वाक्य मी चार बाटल्यांवरून उचललं होतं, न तपासता, कारण ते छान वाटत होतं.

सकाळी तो बागेत निघून गेला. मला स्टेशनवर सोडायला आत्याने शेजारच्या मुलाला पाठवलं.

तीन आठवडे फोन नाही. आईने दोनदा विचारलं, "काय गं, दादाशी काही झालंय का?" मी म्हटलं, काही नाही. मार्चच्या शेवटी एका दुपारी मीटिंग चालू असताना त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "ऐक, चोथा त्याच दिवशी उचलला तर?"

वाइनरीत शेवटची तोड चालू होती. त्याने मॅनेजरशी बोलून पांढऱ्या वाइनचा चोथा गाळणीतून निघाल्यानिघाल्या दोन ट्रॉल्या आणला. लाल वाइनमध्ये बिया आठवडाभर किंवा अधिक रसाबरोबर आंबत राहतात, पांढरीत रस आधीच वेगळा काढतात, त्यामुळे बी ताजी हाती येते. ती त्याने ताडपत्रीवर पातळ पसरून तासातासाला हलवली. मध्येच आभाळ आलं तेव्हा म्हणाला, शेडमध्ये लाकडं पेटवून वाळवू का. मी जवळजवळ ओरडलेच. युरोपात बिया थेट धुरावर वाळवल्यामुळे बेंझोपायरीन नावाचं घातक रसायन तेलात उतरल्याचं आढळलेलं आहे. तिथे त्याला किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. मग त्याने बिया घरात पंख्याखाली पसरल्या. आत्या दोन रात्री स्वयंपाकघरात झोपली.

या वेळी आम्लमूल्य आलं २.३.

तेल निघालं सगळं मिळून साडेतीन लिटर. विकायचा प्रश्नच नव्हता. ना परवाना होता, ना विकण्याएवढा माल. वाटून टाकलं. आमच्याकडे अर्धा लिटर आलं. वास हिरव्या गवतासारखा, चव हलकी, मागे किंचित तुरट. आईने पहिल्या दिवशी त्यात मोहरीची फोडणी केली आणि धुराने खोकत बाहेर आली. मी सांगितलं, हे तापवायचं तेल नाही. शिवाय इतकं लिनोलेइक असलेलं तेल हवा आणि उजेड लागला की लवकर खवट होतं, म्हणून बाटली कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. आता आई ते काकडीच्या कोशिंबिरीवर वरून घालते. आजीने एकदा चाखलं. म्हणाली, "बरं आहे. पण शेंगदाण्याचं ते शेंगदाण्याचं."

पेंड मात्र बरीच उरली. माझ्या वाक्यातले 'सर्व अँटिऑक्सिडंट्स' त्या पेंडीत होते. दादाने ती म्हशीपुढे ठेवली. म्हशीने हुंगली, मान फिरवली, तोंडसुद्धा लावलं नाही. शेवटी बागेत खतात गेली.

मशीनचा विषय पुन्हा निघाला नाही. फ्लॅटचे पैसे आम्ही जूनमध्ये भरले, वास्तुशांतीला दादा-वहिनी आले, येताना द्राक्षं नाहीत म्हणून बेदाणे घेऊन आले. छापलेली दोनशे लेबलं कोऱ्या बाजूने फवारणीच्या नोंदी लिहायला वापरतो म्हणाला. वेबसाइट अजून आहे, पण त्यावर आता फक्त त्याच्या बागेचे फोटो आणि फोन नंबर आहे.

या जानेवारीत पहाटे सहाला त्याचा मेसेज आला. वाइनरीत सॉव्हिन्यॉची पहिली तोड सोमवारी. खाली एक प्रश्न : "चार ट्रॉल्यांना ताडपत्र्या किती लागतील, तुझ्या त्या एक्सेलमध्ये बघून सांग."